गहूबाळ

“हात धुतलेस?”

“धुतले.”

“पुसलेस?”

केतकीनं हात फ्रॉकला पुसले आणि दोन्ही तळवे उलटसुलट करून मला दाखवले.

“मग मांडी घालून बस. आणि माग.”

ती शहाबादी फरशीवर बसली, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर झोळीसारखे धरले आणि म्हणाली, “बाळ देता का मला?”

मी गाठोडं तिच्या हातात ठेवलं. सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याची दुहेरी पिशवी, आत पावणेतीन किलो गहू, वरच्या टोकाला दोरा आवळून केलेलं डोकं आणि त्यावर काजळाचे दोन डोळे. वजनानं तिचे हात एकदम खाली गेले. तिनं ते सावरले आणि माझ्याकडे बघितलं.

“डोकं,” मी म्हणाले.

तिनं एक हात डोक्याखाली सरकवला.

केतकी तेव्हा पाच वर्षांची होती आणि मला सातवा महिना लागला होता. आम्ही नाशिककडच्या एका कालव्याच्या वसाहतीत राहत होतो. हे कालव्यावर अभियंता होते आणि मी वसाहतीची बालवाडी चालवायची. बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम मी पहिल्या वर्गात पास झाले होते आणि ते प्रमाणपत्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं होतं, आल्यागेल्याला खुर्चीत बसल्या बसल्या वाचता येईल अशा बेतानं.

आणि अशा माझ्या पोटी ही दांडगोबा. केतकी दार लावायची तर चौकट हलायची. कपाची बशी तिच्या हातात आठवडाभर टिकायची नाही. शेजारच्या जाधववहिनींकडच्या मांजरीचं पिल्लू तिनं इतक्या मायेनं छातीशी आवळलं, की ते बिचारं तीन दिवस लंगडत होतं. मनानं वाईट नव्हती. हाताला अंदाज नव्हता. मला रात्रंदिवस एकच धास्ती होती: ही आपल्या तान्ह्या भावंडाला एक दिवस असंच आवळणार, नाहीतर खाली टाकणार.

“दोन धपाटे दे, सरळ होईल,” हे म्हणायचे.

“मारून हात हळुवार होत नाहीत, निबर होतात,” मी म्हणायची. हे वाक्य माझं मलाच इतकं आवडायचं की पालकांच्या प्रत्येक सभेत मी ते घ्यायची. केतकीला मी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि हेही मी प्रत्येक सभेत सांगायची.

तर हे गहूबाळ. नाव केतकीनंच ठेवलं.

गहू पाहून सासूबाईंचा चेहरा मात्र बदलला. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. डोहाळजेवणाला गावाहून आल्या होत्या, त्या बाळंतपणापर्यंत राहणार होत्या.

“हे गहू कुठले घेतले, प्रमिला?”

“ओटीतले. अकरा जणींनी भरली ना ओटी. चांगले निवडलेले आहेत. रेशनच्या गव्हात खडे आहेत, पोरीला टोचतील.”

“वटीतल्या गव्हाशी कोनी खेळतं का बाई? ते घरात शिजवून खायचे. सांडले-बिंडले तर?”

“सांडले तर झाडून भरू, आत्याबाई.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. “तू शिकलेली. मी काय बोलू,” म्हणाल्या आणि विषय सोडला. त्यांनी तो खरंच सोडला. पुढं जे झालं त्यानंतरसुद्धा ‘मी सांगत होते’ हे शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आले नाहीत.

खेळाचे नियम मी ठरवले होते. बाळ घ्यायचं ते हात धुऊन, मांडी घालून, मागून. डोक्याखाली हात. खाली ठेवताना आधी पाठ, मग डोकं. खेळायला जायचं असेल तर बाळ तसंच टाकून जायचं नाही, कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि ‘धरता का जरा’ असं विचारायचं. बाळ निजलं असेल तर दार लावताना कडी हातात धरून लावायचं. गहूबाळाला घेऊन ती फरशीच्या रेघेवरून चालायची आणि मी तिच्या पावलांना टाळ्या वाजवायची. आवाज न झालेल्या पावलाला एक टाळी.

पहिले आठ दिवस पालथ्या घड्यावर पाणी. मग कसं कोण जाणे, पोरगी बदलली. एका संध्याकाळी हे बाहेरून आले, चपला फेकल्या आणि मोठ्यानं हाक मारली. केतकी ओठांवर बोट ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“निजलंय,” ती म्हणाली. “चपला उचला आणि हळू ठेवा.”

त्यांनी चपला उचलल्या आणि हळू ठेवल्या. शेवाळे साहेब, ज्यांच्या आवाजाला कालव्यावरचे मजूर दचकायचे. मग तिनं त्यांना हात धुवायला पाठवलं, मांडी घालायला लावली आणि “मागा” म्हणाली. त्यांनी लाजत लाजत मागितलं. आत्याबाई चुलीजवळ तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. हे मी आज कबूल करते, तेव्हा कळलं नव्हतं. दार आवाज न करता लागायचं. जाधववहिनींचं तेच पिल्लू आपण होऊन तिच्या मांडीवर येऊन बसायला लागलं.

आमच्या मुख्यसेविका दाणीबाई बालवाडी तपासायला आल्या, तेव्हा मी त्यांना मुद्दाम घरी चहाला नेलं. केतकीनं सगळं करून दाखवलं. दाणीबाईंनी गहूबाळ मागितलं, तर ही म्हणाली, “बांगड्या टोचतात त्याला. काढता का?”

दाणीबाईंनी बांगड्या काढल्या.

“हे लिहून काढा, शेवाळेबाई,” जाताना त्या म्हणाल्या. “जिल्ह्यात कुणी असं करत नाही.”

मी त्याच रात्री लिहायला बसले. आठवा महिना सरत आला होता. पाय सुजले होते, पण मी चार पानं लिहिली.

त्यानंतरच्या आठवड्यात, मंगळवारी, मी बालवाडीतून आले तर मागच्या दाराच्या पायरीशी चिमण्यांची ही झुंबड. मी हाकललं नाही. म्हटलं, आत्याबाईंनी निवडण टाकलं असेल. आत आले तर गहूबाळाच्या गळ्याला दोऱ्याऐवजी केतकीची लाल रिबीन बांधलेली होती.

“हे काय गं? बाळाला रिबीन?”

“थंडी वाजत होती त्याला,” ती म्हणाली.

मला ते फारच गोड वाटलं. लिहिलेल्या पानांत मी ते वाक्य घालूनही टाकलं. तिनं दुपारी ताटातलं जेवण तसंच ठेवून दिलं होतं, पण पोरं ठेवतात कधीकधी.

गुरुवारी सकाळपासून पोटातलं बाळ हललं नाही.

यांनी कालव्याची जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मुलगा होता. वजन, नर्सनं सांगितलं, पावणेतीन किलो. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. खाटेवर माझ्याशेजारी बसून त्या म्हणाल्या, “नाळेचा वेढा बसला होता गळ्याभोवती. कुणाच्या हातात नसतं हे. तुम्ही काही चुकीचं केलं नाही.” मी नुसती बघत राहिले, तेव्हा त्यांनी ते परत सांगितलं. मग संध्याकाळी घरी जाण्याआधी येऊन तिसऱ्यांदा सांगितलं. मला त्यांचे उपकार वाटले. ते शब्द मी घट्ट धरून ठेवले. मला ते लागणार होते.

सहाव्या दिवशी यांनी मला घरी आणलं. केतकीला काही कळवलं नव्हतं. ते माझं काम आहे, असं आत्याबाईंनी आणि यांनी मिळून ठरवलं होतं. शिकलेली मी होते ना.

दार उघडंच होतं. जीपचा आवाज तिनं ऐकला असणार. बाहेरच्या खोलीत, बरोबर त्या प्रमाणपत्राखाली, केतकी मांडी घालून बसली होती. पाठ ताठ. हात इतके नीट धुतले होते की कोपरापर्यंत ओली होती. दोन्ही हात झोळीसारखे धरलेले.

“बाळ देता का मला?” ती म्हणाली.

माझ्या हातात पिशवी होती, कपड्यांची. मी ती तशीच घेऊन आत निघून गेले. मागून यांचा आवाज आला, “केतू, बाळ देवाघरी गेलं गं.”

तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. अंगावर दूध आलं होतं आणि आत्याबाईंनी फडक्यानं छाती घट्ट आवळून बांधली होती. जाधववहिनी येऊन गेल्या, बालवाडीतल्या बायका येऊन गेल्या. केतकी खोलीत आली नाही. कधीतरी दाराशी यायची, मी डोळे मिटायची, ती जायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती आत आली. मला पावलं ऐकू आली नाहीत, एकदम आवाजच आला.

“आई. मी हात धुतलेत.”

मी वळले. तिनं गहूबाळ कडेवर घेतलं होतं, डोक्याखाली हात देऊन.

“आई, मी गहूबाळ पाडलं होतं.”

मी त्याच्या गळ्यातल्या लाल रिबिनीकडे पाहिलं.

“मागच्या पायरीवरून. माझा पाय घसरला. ते फुटलं. मी सगळे गहू भरले परत. रिबीन बांधली. थोडे राहिले ते चिमण्यांनी खाल्ले.” तिनं गहूबाळाचं डोकं सावरलं. “म्हणून आपलं बाळ मेलं का?”

पाच वर्षांची पोर. तिला एका वाक्याचं उत्तर हवं होतं, आणि ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. एका परक्या बाईनं मला तीनदा दिलेलं होतं.

“कधी?” मी विचारलं.

“अं?”

“कधी पाडलंस?”

“आजी बाजारला गेली होती तेव्हा.”

आमचा बाजार मंगळवारचा. चादरीवर हात होता माझा. मी बोटं मोजली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. केतकी माझ्या बोटांकडे बघत होती.

मी परत भिंतीकडे वळले.

ती थोडा वेळ तिथंच उभी असावी. मग गेली. दार लागल्याचं मला कळलं ते खोलीतला उजेड कमी झाला म्हणून. तिनं कडी हातात धरून दार लावलं होतं.

स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं. बऱ्याच वेळानं मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला.

“धान्य हाये ते. सांडतंच बाई. माझ्या हातानं जन्मभर किती सांडलं, मोजलं तर पोतं भरंल. काही झालं का?”

केतकी काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही.

“बाळ कुठं होतं? आईच्या पोटात. तुझ्या हातात होतं का? नव्हतं ना? मग तू कशी पाडशील त्याला?”

“पण आई...”

“आई दमलीये. तिला पडू दे. इकडं ये.”

ही तीच बाई, जिनं ओटीच्या गव्हाला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. शकुन-अपशकुन मानणारी ती होती. मी मानत नव्हते. मी फक्त बोटं मोजली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ती पिशवी उसवली, गहू पाखडले, ऊन दिलं आणि गिरणीतून दळून आणले. ओटीचं धान्य घरातच संपायला हवं, म्हणाल्या. त्या पिठाच्या पोळ्या आम्ही चारपाच दिवस खाल्ल्या. मी खाल्ल्या. भूक लागत होती. केतकीनं भाकरी मागून घेतली, आणि तिला कुणी का म्हणून विचारलं नाही.

ती कधी आजारी पडली नाही, दचकून उठली नाही, शाळेतून तक्रार आली नाही. उलट सगळे तिचं कौतुकच करायचे. तीन वर्षांनी मंदार झाला, सुखरूप. केतकी त्याच्या पाळण्याशी तासन् तास बसायची, पण हात पाठीमागे बांधून. “घे ना त्याला,” म्हटलं की म्हणायची, “नको, मी नुसती बघते.” लोक म्हणायचे, थोरली किती समंजस आहे. मीही ‘हो’ म्हणायची. त्याच्या बारशाला पाळण्याखालून-वरून बाळ द्यायची वेळ आली तेव्हा ती आत जाऊन पाण्याची भांडी भरत बसली. आठ वर्षांची होती.

आणि मी काय केलं, तर ती चार पानं पुरी केली. दाणीबाईंनी ती पुढं पाठवली. गहूबाळाचा खेळ जिल्ह्याच्या प्रशिक्षण पुस्तिकेत माझ्या नावानं छापला गेला. मी स्वतः मुख्यसेविका झाले आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, शेकडो बालवाडीताईंना तो खेळ शिकवला. हात धुणं, मांडी घालणं, मागणं. रिबिनीचा किस्सा सांगितला की सगळ्या हसायच्या. खेळाच्या शेवटी एक सूचना आहे, ती मी नंतर घातली: ‘मुलाच्या हातून गाठोडे पडल्यास त्याला जवळ घ्यावे व तुझी चूक नाही असे लगेच सांगावे.’ ‘लगेच’ या शब्दाखाली पुस्तिकेत रेघ आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं हे एक बरं होतं.

केतकी रसायनशास्त्र शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत काच फुटत नाही, असं तिचे सहकारी म्हणतात. लग्न झालं, जावई चांगले आहेत. मूल नको असं दोघांनी ठरवलं आहे, असं तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं. मी तिला कधी विचारलं नाही. माझ्या विचारण्यानं काय होतं हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षी मंदारच्या मुलीचं बारसं झालं. पाळण्याभोवती बायका जमल्या आणि मी पाहिलं, केतकी नाही. स्वयंपाकघरात गेले. ती एकटी कपबश्या पुसत होती. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याशेजारी उभी राहिले. छत्तीस वर्षं मी या एका वाक्याची तयारी केली होती.

“केतकी, तुला गहूबाळ आठवतं?”

“आठवतं की.”

“त्यात तुझी काही चूक नव्हती. नाळेचा वेढा होता त्याच्या गळ्याला. डॉक्टरांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं.”

“माहितीये, आई.” तिनं एक कप पुसून पालथा ठेवला. “आजीनं तेव्हाच समजावलं होतं. मोठी झाल्यावर मी वाचलंही.”

मला एकदम हलकं वाटलं. “मग? मग तू अजून बाळाला हात का लावत नाहीस?”

तिनं दुसरा कप घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“आजीनं मला सांगितलं, की नाही म्हणून. तू मला विचारलंस, की कधी. आणि बोटांवर मोजलंस.”

कप आवाज न होता खाली ठेवला गेला.

तेवढ्यात दार उघडलं आणि मंदारची बायको बाळाला घेऊन आत आली. “ताई, तुम्ही इथं होय. हिला धरता का जरा? ओटीचं ताट राहिलंय माझं.”

“हात ओले आहेत गं माझे,” केतकी म्हणाली.

फडकं तिच्या खांद्यावर होतं. हात तिनं केव्हाच पुसले होते.